जाग्या पेशंटचा एअरवे ब्लॉक: या चुका टाळा

गुटख्याने तोंड उघडत नाही असे पेशंट आपल्याकडे सारखे येतात, आणि जागेपणी स्कोपवरून (लवचिक दुर्बिणीवरून) श्वासनळीत नळी टाकायचं ठरलं की रेसिडेंट लगेच सोनोग्राफीचा प्रोब उचलून ब्लॉकसाठी, म्हणजे घसा बधिर करायला, सुपीरियर लॅरिन्जियल नर्व्ह (स्वरयंत्राची संवेदना नेणारी नस) शोधायला लागतात. नका शोधू. ती इतकी बारीक असते की बऱ्याचदा दिसतच नाही. मी लिनियर प्रोब उभा धरते, वर हायॉइड (जिभेखालचं हाड), खाली थायरॉइड कार्टिलेज (कंठमण्याची कूर्चा), मधे थायरोहायॉइड स्नायू आणि त्याच्या खाली चमकणारा पडदा, या स्नायू-पडद्याच्या फटीत औषध पसरताना दिसलं की झालं. सुई घालण्याआधी कलर डॉपलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारा मोड) लावा, धमनी शेजारूनच जाते.

एका काकांचं तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. माझ्या ज्युनियरला पांढरा ठिपका दिसला, त्याने दोन्हीकडे २-२ मिली सोडलं, ते स्नायूच्या वरच राहिलं. मी शेजारी उभी असून स्क्रीन नीट बघितली नाही, हे मला अजून लागतं. स्कोप आत जाताच काका खोकायला लागले, त्यांना गप्प करायला मिडाझोलामवर फेंटानिल (दोन्ही गुंगीची औषधं) गेलं आणि ऑक्सिजन सॅच्युरेशन ८४ टक्के. स्कोप काढला, जबडा उचलून ऑक्सिजन दिला, काका पूर्ण जागे होईपर्यंत थांबलो, मग योग्य थरात १-१ मिली दिलं आणि नळी शांतपणे गेली. ब्लॉक फसला की गुंगी वाढवायची ही घाई मला अजिबात मान्य नाही, श्वास स्वतःचा राहावा म्हणूनच तर पेशंटला जागं ठेवलं ना!

दुसरं, लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाची, बेरीज. ५० किलोच्या पेशंटला किलोला ९ मिग्रॅ धरून कमाल ४५० मिग्रॅ. नेब्युलायझरमध्ये ४ टक्केवालं ४ मिली म्हणजे १६०, १० टक्के स्प्रेचे दहा पफ १००, दोन्ही बाजूंना २ टक्केवालं २-२ मिली ८०, श्वासनळीत ४ टक्केवालं ३ मिली १२०. झाले ४६०! नेब्युलायझर वॉर्डात लागतो, तो कुणी धरतच नाही. मी सिरिंज भरायच्या आधी फळ्यावर आकडे लिहिते, आणि इन्ट्रालिपिड (लिग्नोकेन जास्त झालं तर द्यायचं औषध) ऑपरेशन थिएटरमध्येच ठेवते.

ग्लायकोपायरोलेट (लाळ कमी करणारं औषध) अर्धा तास आधी द्या, लाळेवर स्प्रे टिकत नाही. नाकातून जाणार असाल तर नाक वेगळं बधिर करा. सुईच्या जागी गाठ किंवा इन्फेक्शन असेल तर टोचूच नका.

श्वासनळीत औषध सोडायची सुई क्रायकोथायरॉइड मेम्ब्रेनमधून (कंठमण्याखालच्या पडद्यातून) जाते, ती जागा नुसत्या बोटाने ठरवू नका, प्रोबने बघून पेनने खूण करा. सिरिंजमध्ये हवेचे बुडबुडे आले की औषध सोडा आणि सुई त्याच क्षणी बाहेर, कारण ठसका येतोच. मी आधीच सांगते, "काका, आता जोरात ठसका येईल, घाबरू नका, मी इथेच आहे."