ओहोटीच्या पुळणीवर झिदानची गिरकी

गुहागरच्या किनाऱ्यावर फुटबॉलमधल्या झिदानच्या गिरकीचा सराव करायचा असेल, तर ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट पुळण निवडावी, कारण वरच्या कोरड्या वाळूत पाय रुततात आणि चेंडू अडतो. फ्रान्समधील मार्सेयमध्ये १९७२ साली जन्मलेल्या फुटबॉलपटू झिनेदिन झिदानने युव्हेंटस आणि रेआल माद्रिद या क्लबांकडून खेळताना प्रतिस्पर्ध्याला चकवणारी ही गिरकी जगभर लोकप्रिय केली.

धावत येऊन उजव्या पायाचा तळवा चेंडूवर टेकवावा, चेंडू मागे ओढता ओढता अंग डावीकडून वळवून प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करावी आणि उजवा पाय जमिनीवर येताच डाव्या तळव्याने चेंडू पुढे ओढून नेत गिरकी पूर्ण करावी. आरंभी हे सारे चालत चालत करावे. वेगाची घाई झाली की दुसरा स्पर्श हमखास चुकतो. प्रतिस्पर्धी अगदी जवळ येईपर्यंत थांबणे आवश्यक आहे, अन्यथा ही गिरकी निव्वळ शोभेची ठरते.

डाव्या पायाकडे मुले दुर्लक्ष करतात, हे मला विशेष खटकते. मुळात उजव्या पायाच्या झिदानने २००२ च्या चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मन क्लब लेव्हरकुझेनविरुद्धचा विजयी गोल डाव्या पायाने, हवेतून येणाऱ्या चेंडूवर केला होता. म्हणून गिरकी उलट्या दिशेनेही तितक्याच वेळा करावी.