निराधारचा पगार बंद पडलाय? या चुका टाळा

दर आठवड्याला दोघं-तिघं तरी माझ्या ई-सेवा केंद्रात येऊन एकच वाक्य बोलतात, "पगार बंद झाला, नवीन फॉर्म भर." पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. दिव्यांगांना ते ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २५०० रुपये झालं, त्याआधी १५०० होतं. कधीपासून बंद आहे, का बंद आहे, तहसीलला विचारलं का? काहीच माहीत नसतं. फॉर्म मात्र आत्ताच्या आत्ता पाहिजे.

पहिली चूक हीच. पैसे न येणं वेगळं आणि मंजुरी रद्द होणं वेगळं. मंजुरी शाबूत असताना नवा अर्ज टाकला की पुन्हा दाखले, पुन्हा छाननी, आणि एकाच आधारवर दोन प्रकरणं दिसली की त्याचा खुलासा करत बसायचं.

ही चूक मीही केलीय. एक नाना आले होते, एक पाय गुडघ्यापासून नाही. कुबडी टेबलाला टेकवली आणि दुधाच्या पिशवीतून पासबुक काढलं. पाच महिने एंट्री कोरी. त्या दिवशी केंद्रात गर्दी होती, मी पासबुक नीट बघितलंही नाही. दिला फॉर्म भरून. महिनाभराने तहसीलच्या संजय गांधी शाखेतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. दर महिन्याला १५०० जमा! फक्त भलत्याच बँकेत. गावात कुणीतरी खाती उघडायला आलं होतं, नानांनी यंत्रावर अंगठा ठेवला होता आणि विसरून गेले होते. साडेसात हजार तिथं निवांत पडून होते. "म्हणजे माझे पैसे माझ्याच नावावर होते व्हय?" नाना म्हणाले. दुसरा फॉर्म रद्द करायचा अर्ज मीच लिहून दिला, त्याचे पैसे घ्यायचं तोंड नव्हतं.

आता पैसे थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे आधारवरून येतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं, असं समजू नका. एनपीसीआयच्या, म्हणजे देशातले बँक व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते, आणि सगळ्यात शेवटी जिथं सीडिंग, म्हणजे पैसे येण्यासाठी आधारची खात्याशी जोडणी, झालं तिथंच पैसे पडतात. म्हणून मी आता फॉर्मला हात लावायच्या आधी आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगची स्थिती बघतो. पाच मिनिटांचं काम आहे. बँक चुकीची दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा अर्ज द्यायचा. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर लागतो. पोराने सिम बदललं आणि आधारवर जुनाच नंबर राहिला, असं निम्म्या वेळा निघतं. मग आधी तो बदला.

पैसे कुठंच पडले नसतील तर तहसीलला जाऊन कारण विचारा. हयातीचा दाखला राहिलाय, उत्पन्नाचा दाखला जुना झालाय, किंवा आधारवर 'विठ्ठल' आणि बँकेत 'विठल' आहे, यातलंच काहीतरी बहुधा निघतं. जे राहिलं तेवढंच द्या, अख्खी फाइल पुन्हा नको.

दिव्यांग प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत छापलेली असते. ती लॅमिनेशनखाली वर्षानुवर्षं कुणी वाचत नाही. मुदतीच्या दोन-तीन महिने आधीच फेरतपासणीला लागा. टक्केवारी ४० च्या खाली आली तर दिव्यांग म्हणून लाभ मिळत नाही, हेही डोक्यात ठेवून जा. उपचारांचे जुने-नवे सगळे कागद सोबत न्या.

"दोन हजार द्या, पुढच्या महिन्यात चालू करतो" म्हणणारा माणूस तहसीलच्या आवारात भेटतोच. मला त्याच्यापेक्षा पैसे देणाऱ्यांचा जास्त राग येतो, कारण नंतर रडायला ते माझ्याकडे येतात.

आणि पोच. तोंडी सांगून, साहेबांच्या टेबलावर कागद ठेवून घरी येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती करा, आवक विभागात एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. थकीत महिन्यांची मागणीही त्याच अर्जात महिन्यांची नावं घालून लिहा. महिना-दीड महिना वाट बघून काहीच हललं नाही तर त्या क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकारात 'अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा. त्याचं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. क्रमांकच नसेल तर विचारणार कशाचं?