कागदांवर आकडे घाला

गेल्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, एका ग्रंथालयात माझं पाऊण तासाचं काव्यवाचन होतं. वय ७१. कविता आपल्याला पाठ आहेत, असा माझा समज. शेजारी उभा पंखा. तिसऱ्या कवितेला त्याने मान वळवली आणि टेबलावरची सुटी पानं खाली. दोन मुलींनी धावत येऊन गोळा करून दिली, पण पानांवर आकडे नव्हते. आईच्या पाट्या-वरवंट्याची कविता वाचता वाचता पान सरकवलं ते थेट रेल्वेच्या फलाटावर उतरले. थांबायचं सुचलं नाही, वाचत गेले. समोरून ‘वा!’ आली. तीच जास्त लागली.

तेव्हा पहिलं काम, प्रत्येक पानावर आकडा. लाल पेनने, वर उजव्या कोपऱ्यात, ठसठशीत. कविता दोन पानी असेल तर दुसऱ्या पानावर तिचं नावही. ‘माझं मला कळतं’ म्हणू नका; डोळ्यांवर उजेड आणि समोर माणसं असली की काही कळत नाही. कुणीतरी सांगेल, स्टेपल करा. करू नका. पान उलटताना माईकमधून पापड मोडल्यासारखा आवाज येतो. पानं सुटीच ठेवायची, वाचून झालेलं बाजूला सरकवायचं. म्हणून तर आकडे.

अक्षर २० पॉइंटचं, कागदाच्या एकाच बाजूला. मोतीबिंदू काढलेल्यांनी तर हे ऐकाच: जवळचा चष्मा हातातल्या पुस्तकापुरता असतो, पोडियमवरचा कागद त्याहून लांब पडतो. घरी ओट्यावर कागद ठेवून उभ्याने वाचून बघा. पोडियमही उंच पुरुषांच्या मापाचं. माझ्यासारखी पाच फुटी बाई मागे उभी राहिली की नुसतं कपाळ दिसतं. सरळ टेबल-खुर्ची मागा.

कविता किती घ्यायच्या? घड्याळ लावून मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नाही. माझी २० ओळींची कविता दीड मिनिट घेते. आधीचे दोन शब्द आणि नंतरचं थांबणं धरून तीन. पाऊण तासाला १५ म्हणजे डोक्यावरून पाणी, १२च न्या. विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव वाचायला जायचे तेव्हा तिघं असायचे, एकाने दम खाल्ला तर दुसरा होता. आपण एकट्या. पाणी कोमट, आपल्याच बाटलीतलं. दुधाचा चहा नंतर. बहिणाबाईंना कागद लागलाच नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं ओठांवर. आपल्याला येतं ना लिहिता? मग आकडे घाला.

माईक तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’ फटाक्यासारखे फुटतात. काचेच्या बांगड्या घरी. साडी सुती; पदराला लावायचा माईक दिला तर रेशमी पदर त्यावर घासत राहतो. पोचल्या पोचल्या पंखा कुठे आहे ते बघा आणि बंद करायला सांगा. लोकांना उकडतं म्हणाले, तर कागदावर ठेवायला काहीतरी जड हवं. मी सासूबाईंचा पितळी अडकित्ता नेते. पण अडकित्त्याच्या भरवशावर आकडे टाळू नका. नाही ना घातलेत अजून? हे बाजूला ठेवा, उठा, घालून या.

परिचय चार ओळींत लिहून आधीच पाठवा. मानधनाचं फोनवरच विचारा, शाल-श्रीफळ दाखवून रिक्षावाला ऐकत नाही. विकायला दहा पुस्तकं, सुटे पैसे, नातवाने छापून दिलेला क्यूआर कोड. मंचाची पायरी उतरताना कुणाचा तरी हात. परतीची रिक्षा आधी सांगून ठेवलेली. आणि पिशवीत कोंबण्याआधी कागद आकड्यांप्रमाणे लावून घ्या, घरी जाऊन लावू म्हटलं की ते लागत नाहीत.