दम्याच्या मुलाला मैदानावर कसं उतरवावं

‘दमा आहे ना, मग बाहेर बसून बघ’ हे फुटबॉलवेड्या कोल्हापुरातल्या पोराला सांगणं म्हणजे शिक्षाच. दमा आटोक्यात असेल तर मूल फुटबॉल खेळू शकतं, पोहू शकतं, तालमीतही उतरू शकतं.

१. आटोक्यात आहे का, ते बघा. झटपट आरामाचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल किंवा रात्री खोकल्यानं झोपमोड होत असेल, तर आधी डॉक्टर, मग मैदान. ‘आता बरं आहे’ म्हणून रोजचा पंप परस्पर बंद करू नका.

२. वेळ निवडा. थंडीत पहाटे रंकाळ्यावर पळवू नका. धावताना तोंडावाटे आत जाणारी गार, कोरडी हवा श्वासनलिका कोरड्या करते आणि त्या आवळतात. ऊन वर आलं की न्या. शेजारच्या शिवारात पाचट पेटलंय किंवा गुऱ्हाळाचा धूर मैदानावर उतरलाय, त्या दिवशी सुट्टी. तालमीतली माती उकरताना तर मुलाला आत पाठवूच नका.

३. पंप द्या. घोळ होतो तो इथंच.

डॉक्टरांनी खेळाआधी साल्ब्युटामॉल (झटपट आरामाच्या पंपातलं औषध) लिहून दिलं असेल, तर ते साधारण १० ते १५ मिनिटं आधी द्यायचं, शिट्टी वाजल्यावर नव्हे. आणि स्पेसरमधूनच, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळकांड्यातून. थेट तोंडात मारलेला फवारा बराचसा घशावर आदळतो. मग ‘पंपाचा गुण येत नाही’ अशी तक्रार होते.

पंप हलवा. स्पेसरची तोटी दातांमध्ये, ओठ घट्ट मिटलेले. एकच फवारा सोडा आणि मुलाला ५-६ श्वास शांतपणे घेऊ द्या. अर्धा-एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, मग दुसरा. घाईत दोन फवारे एकदम सोडले तर थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात; छातीत जातं ते कमीच.

स्पेसर फडक्यानं घासून लखलखीत करणारे लोक नकळत औषधच वाया घालवतात. घासल्यानं प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीला धरून बसतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून १५ मिनिटं बुडवा, न पुसता निथळू द्या, तोंडाची बाजू तेवढी पुसा.

पंपातली औषधाची डबी पाण्यात तरंगवून औषध किती उरलं ते बघायची युक्ती तर साफ चुकीची. डबीवर फवाऱ्यांची संख्या छापलेली असते. वापराल तसे मोजा.

पंपाची सवय लागते, हेही खोटं. मात्र खेळाआधी रोजच लागत असेल, तर रोजचं औषध कमी पडतंय का, ते डॉक्टरांना विचारा.

४. अंग गरम करा. १०-१५ मिनिटं चालणं, हळू पळणं, मध्ये दम घेत छोट्या धावा. शेवटीही ५-१० मिनिटं चालू द्या. छाती बऱ्याचदा खेळ थांबल्यावर आवळते, त्यामुळे सामना संपला की लगेच गाडीवर घालून घरी पळवू नका.

५. धाप लागलीच तर खेळ थांबवा, किंचित पुढं वाकून बसवा, आडवं करू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात पंप द्या. काढा, वाफ, छातीला बाम यांत वेळ घालवू नका. वाक्य पुरं बोलता येत नसेल, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवा. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही.

पंप आणि स्पेसर प्रशिक्षकाच्या हाताशी हवेत, कुलूप लावलेल्या दप्तरात नकोत.