वाघ्या घेवड्याचं दाट सूप, जोडीला तीन कडधान्यं

मिश्र कडधान्यांचं सूप दाट करायला कॉर्नफ्लोअर नको, बेसन नको, साय तर मुळीच नको. दाटपणा दाण्यातच असतो. तो उतरायला प्रत्येक कडधान्याला त्याचा वेळ द्यावा लागतो. सगळी एकदम कुकरात टाकली की मसुराचा गाळ होतो आणि चणे तसेच टणक राहतात.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं, त्यामुळे माझी सुरुवात वाघ्या घेवड्यापासून. फिकट अंगावर लालसर पट्टे असलेला हा घेवडा. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्याकडे त्याची आमटी त्याच्या कितीतरी आधीपासून रांधली जाते. शिजला की आतून लोण्यासारखा मऊ होतो, म्हणून सुपाला याच्याइतकं चांगलं काही नाही. नाहीच मिळाला तर राजमा घ्या. दाणा मात्र नव्या हंगामातला बघून घ्या. पावसाळ्यातलं पीक असल्यामुळे दिवाळीच्या सुमारास नवा माल दुकानात असतो. दोन-दोन वर्षं डब्यात पडलेला घेवडा कितीही शिट्ट्या दिल्या तरी नीट शिजत नाही.

चार-पाच जणांसाठी पाऊण वाटी घेवडा, अर्धी वाटी काबुली चणे, अर्धी वाटी चवळी आणि पाव वाटी अख्खे मसूर. माझी वाटी दीडशे मिलीची आहे.

रात्री घेवडा आणि चणे एकत्र भिजवा. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घाला. मिठाने दाणा शिजत नाही असं आपण ऐकत आलोय, पण भिजवणीच्या पाण्यातलं मीठ साल मऊ करतं आणि दाणे फुटतही नाहीत. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर फरक लगेच कळेल. चवळी सकाळी वेगळी भिजवा, तिला दोन-तीन तास पुरतात. मसूर फक्त धुवायचे.

भिजवणीचं पाणी ओतून द्या, दाणे धुवा आणि घेवडा-चणे कुकरमध्ये बुडून वर चार बोटं राहील इतक्या पाण्यात झाकण न लावता दहा मिनिटं खळाखळा उकळा. हे टाळू नका. कच्च्या घेवड्यात आणि राजम्यात पोट बिघडवणारा घटक असतो, तो खळखळत्या उकळीनेच जातो. मंद आचेवर तासन्‌तास ठेवून शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तर कच्चा घेवडा थेट घालूच नये. वर आलेला फेस काढून टाका, नाहीतर तो शिट्टीत अडकतो. मग झाकण लावा, एक शिट्टी मोठ्या आचेवर घ्या आणि पुढे वीस मिनिटं बारीक आच. वाफ आपोआप जिरू द्या. एक चणा अंगठा आणि बोटात दाबून बघा. आत कणी लागली तर आणखी दहा मिनिटं.

आता त्यातच चवळी, मसूर आणि लाल भोपळ्याच्या वाटीभर फोडी घाला, लागलं तर गरम पाणी घाला आणि दोन शिट्ट्या करा. भोपळा विरघळून जातो, त्याचं तेवढंच काम. गाजर, बटाटा वगैरे घरात असेल ते घाला.

टोमॅटो मात्र अजून नाही. आंबट पडलं की साल घट्ट राहते आणि दाणा शिजायला फार वेळ लागतो. कोकम, चिंच, लिंबू सगळ्यांना हाच नियम.

पातेल्यात दोन चमचे तेलावर जिरं, हिंग, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बारीक चिरलेला कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परता. चमचाभर कांदा-लसूण मसाला, मग दोन टोमॅटो. तेल सुटलं की शिजलेली कडधान्यं पाण्यासकट ओता. ते पाणी फेकू नका, सगळा कस त्यात असतो.

आता त्यातला साधारण तिसरा हिस्सा वेगळा काढून रवीने घोटा आणि परत पातेल्यात मिसळा. मिक्सर नको, त्याने चिकट खीर होते. घरात दात नसलेलं माणूस असेल तर हा हिस्सा पुरणयंत्रातून काढा, सालं वर राहतात. मीठ आत्ता चाखून घाला. पंधरा मिनिटं मंद आचेवर रटरटू द्या, पण तळाशी डाव फिरवत राहा, घोटलेलं पटकन लागतं.

डाव उलटा केल्यावर पाठीवर सूप थर धरून राहिलं की झालं. गॅस बंद करताना ते हवंय त्यापेक्षा थोडं पातळच ठेवा, निवताना आणखी घट्ट होतं. वरून भरडलेली मिरी, कोथिंबीर आणि लिंबू. ज्वारीची भाकरी कुस्करून घातली तर रात्रीच्या जेवणाला दुसरं काही लागत नाही. उरलं तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. गरम करताना कपभर उकळतं पाणी घाला आणि मीठ पुन्हा बघा.