उरल्यासुरल्या माल्ट-हॉप्सची पेल एल, दहा लिटरची बॅच

घरी बीअर करायला लागलं की थोड्याच दिवसांत कपाटात अर्धवट पाकिटं साठतात, कुठे पाव किलो क्रिस्टल माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, क्रिस्टल हा त्याचा गोडसर प्रकार), कुठे मूठभर गहू माल्ट, फ्रीझरमध्ये क्लिप लावलेली हॉप्सची (बीअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) पाकिटं. याची पेल एल (फिकट सोनेरी, हॉप्सचा वास असलेली बीअर) करा. हा प्रकार बराच समजूतदार आहे, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, आपल्या फोडणीच्या पोळीसारखं. फक्त उरलंय म्हणून सगळंच ढकलायचं नाही.

आधी कायद्याचं. हे मी इकडे अमेरिकेतल्या मंडळींसाठी लिहितोय, इथे १९७८ च्या केंद्रीय कायद्यापासून घरापुरती बीअर करायला परवानगी आहे, एकट्याला वर्षाला १०० गॅलन आणि घरात दोन प्रौढ असतील तर २०० (विकायची नाही, आणि आपल्या राज्याचा नियम बघून घ्या). महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करणं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्यांनी नुसतं वाचा.

काय ठेवायचं, काय फेकायचं

माल्टचे चार दाणे तोंडात टाका. कुरकुरीत आणि बिस्किटासारखे गोडसर लागले तर उत्तम, मऊ पडलेले किंवा खवट असले तर कंपोस्टमध्ये. दळलेला माल्ट लवकर शिळा होतो त्यामुळे आधी तो संपवा. सोंडे दिसले तर विचारसुद्धा करू नका.

हॉप्सचं पाकीट उघडून वास घ्या. लिंबू, गवत, चीडाचं झाड असं काही आलं तर चांगले आहेत, जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला तर फेका. फेकताना कुत्र्याच्या तोंडी लागणार नाहीत असे फेका, हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, उकळलेलेसुद्धा.

यीस्ट मात्र उरलेलं वापरू नका. कधीतरी उघडून ठेवलेलं पाकीट वापरून दोन डॉलर वाचवायचे आणि दहा लिटर बीअर पणाला लावायची यात काय हशील? यूएस-०५ (कोरडं एल यीस्ट) चं साडेअकरा ग्रॅमचं नवीन पाकीट आणा, दहा लिटरला अर्धंही पुरतं पण मी सगळं टाकतो.

प्रमाण

एकूण माल्ट २.६ किलो. त्यात किमान २ किलो साधा पेल माल्ट (टू-रो, मॅरिस ऑटर अशा बार्लीच्या प्रकारांपैकी जे असेल ते, मिसळलं तरी चालतं), क्रिस्टल जास्तीत जास्त २५० ग्रॅम, उरलेले ३५० ग्रॅम म्युनिक (थोडा जास्त भाजलेला माल्ट) किंवा गहू माल्ट. क्रिस्टल वाढवलं की बीअर काकवीकडे झुकते. चॉकलेट माल्ट आणि ब्लॅक माल्ट पुढच्या स्टाउटसाठी (काळ्या बीअरसाठी) ठेवा.

कडूपणासाठी सोपा हिशोब म्हणजे हॉप्सचे ग्रॅम गुणिले पाकिटावरचा अल्फा टक्का (हॉप्समधल्या कडू आम्लांचं प्रमाण) साधारण १२० यायला हवा, म्हणजे चिनूक, कॅस्केड या हॉप्सच्या जातींपैकी १२ टक्केवाला चिनूक असेल तर १० ग्रॅम, ६ टक्केवाला कॅस्केड असेल तर २०. पाकीट बरेच महिने उघडं असेल तर थोडं वाढवा, अल्फा कमी होत जातो. वासासाठी कॅस्केड असेल तर तोच राखून ठेवा, १९८० साली सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रूअरीने याच हॉप्सवर आपली पेल एल उभी केली आणि अमेरिकन पेल एल म्हटलं की अजून तोच वास डोक्यात येतो.

ब्रूइंगचा दिवस

२५ लिटरचं पातेलं आणि मोठी जाळीची पिशवी लागेल. १६ लिटर पाणी घ्या, नळाचं असेल तर कॅम्पडेनची (क्लोरीन काढणारी) पाव गोळी चुरून टाका, नाहीतर क्लोरीनमुळे बीअरला औषधासारखा वास येतो. पाणी ७० अंशांवर नेऊन गॅस बंद करा, पिशवी लावा, दळलेला माल्ट ओता आणि गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. तापमान ६६-६७ वर स्थिरावेल, झाकण लावून वर जुनी रजई गुंडाळा आणि एक तास हात लावू नका. मग पिशवी उचलून निथळू द्या, बिनधास्त पिळा.

आता खळखळून उकळी, झाकण न लावता, एक तास. उकळी आली की कडूपणाचे हॉप्स, शेवटची दहा मिनिटं राहिली की १५ ग्रॅम कॅस्केड, गॅस बंद केल्यावर अजून २० ग्रॅम. पहिल्या उकळीला जवळच उभे राहा, फेस उतू जातो आणि स्टोव्ह पुसताना घरच्यांचा छंदाला असलेला पाठिंबा लगेच संपतो.

इथून पुढे बीअरला लागणारी प्रत्येक गोष्ट सॅनिटाइझ (जंतुमुक्त) झालेली पाहिजे. त्यासाठी स्टार सॅन हे द्रावण पाण्यात लिटरला दीड मिली, फेस राहिला तरी धुवायचा नाही. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांपर्यंत गार करा, फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) जोरात ओता म्हणजे हवा मिसळेल, हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता बघा (१.०५० च्या आसपास), यीस्ट भुरभुरा, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न येऊ देणारं झाकण) लावा.

नंतरचे दिवस

१८ ते २० अंशांत दोन आठवडे आंबू द्या. शेवटचे तीन दिवस उरलेले हॉप्स, २० ग्रॅमपर्यंत, तसेच आत टाका. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे झालं असं धरू नका, दोन दिवसांच्या अंतराने ग्रॅव्हिटी मोजा आणि दोन्ही वेळा सारखीच आली (१.०१० ते १.०१२) तरच बाटल्या भरा, नाहीतर आत गॅस वाढत जातो आणि बाटली फुटते, काचा उडतात. अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास येईल.

६० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून बादलीत घ्या, त्यावर बीअर नळीने हलकेच ओढून घ्या, आता हवा नको. जाड काचेच्या बीअरच्या बाटल्याच वापरा, ३३० मिलीच्या २८-३० भरतील. खोलीच्या तापमानाला दोन आठवडे, मग फ्रीजमध्ये. ओतताना तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या, आणि दोनेक महिन्यांत संपवा, हॉप्सचा वास फार टिकत नाही.