पूर यायच्या आधी ओढ्याचं तोंड मोकळं करा

मंडळी, मृग लागलाय, सोयाबीन पेरायची घाई सगळ्यांनाच आहे, पण बेळगाव जिल्ह्यातल्या भोज, कारदगा, बोरगाव, सदलगा, कल्लोळ, येडूर पट्ट्यातल्या लोकांनी पेरणीबरोबर चार दिवस ओढ्यासाठी पण काढा.

आपल्याकडचा पूर कसा येतो ते बघा. वेदगंगा भोजला दूधगंगेत मिळते, दूधगंगा पुढं कल्लोळ-येडूरजवळ कृष्णेत. कृष्णा फुगली की दूधगंगेचं पाणी पुढं जात नाही, मागं तुंबतं आणि मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल रानात पसरतं. म्हणजे इथं धारेपेक्षा साचलेलं पाणी जास्त मारतं. 2005, 2019, 2021, तिन्ही वेळा तेच बघितलं आपण.

2019 नंतर आमच्या भावकीनं नदीकडंला मातीचा भराव घातला, मी पण पैसे दिले. 2021 ला पाणी भरावावरनं आत आलं आणि आतच राहिलं, बाहेर नदी उतरली तरी आमच्या उसात कंबरभर पाणी, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, गाळ बसून ऊस कुजला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, पाणी अडवण्यापेक्षा त्याला जायला वाट ठेवा. भराव असेल तर जिथं सखल आहे तिथं तोडा, ओढ्यात घुसवलेल्या सऱ्या मागं घ्या, रस्त्याखालच्या नळ्यात अडकलेली जलपर्णी आणि पाचट आत्ताच काढा.

आणि काठ. दरड ढासळते ती पूर चढताना कमी, उतरताना जास्त, कारण भिजून जड झालेल्या मातीला पाण्याचा आधार जातो आणि धरायला मूळ नसतं. आपण अगदी कडेपर्यंत नांगरतो, मग वर्षाला एखादी सरी नदीत जाते. दोन-तीन सऱ्यांची जागा सोडाच. पाण्यालगत शेरणी आणि वाळुंजच्या काड्या, उतारावर वाळा, वर करंज, जांभूळ, उंबर. लव्हाळा तणनाशक मारून जाळू नका, पाणकोंबडी त्यातच घरटं करते, आणि चढणीचा मासा अंडी घालायला याच ओढ्यातनं वर येतो, ओढा बुजला तर मासा कुठं जाणार. रोपं वन खात्याच्या नर्सरीत सवलतीत मिळतात, चौकशी करा.

नदीवरच्या मोटारी पाणी वाढायला लागलं की लगेच वर घ्या, उद्या बघू म्हणू नका. जनावरांना घटसर्प-फऱ्याची लस नसेल तर याच आठवड्यात द्या.

पूर ओसरल्यावर चर काढून पाणी आधी बाहेर घाला, वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निघून माती मोकळी होईपर्यंत, युरिया टाकू नका, वाया जातो. ज्या उसाचा शेंडा पाण्यावर होता तो सावरतो, पोंगा कुजला असेल तर कांड्यांना पांगशा, म्हणजे डोळ्यांतनं बाजूचे फुटवे, फुटतात, तो ऊस ठेवून उपयोग नाही, लवकर तोडा. पंचनामा व्हायच्या आधी रान साफ करू नका, फोटो काढून ठेवा आणि उतारा हाताशी ठेवा.